चष्मा लावा आणि भूल टाळा? जरा थांबा हो

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, दुसऱ्या दिवशी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पण. वर फोटो, सोफ्यावर ऐसपैस बसलेली, डोळ्यांवर तो मोठा काळा व्हीआर हेडसेट (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा, घातला की चहूबाजूंनी वेगळंच जग दिसतं तो) लावून हसणारी बाई. खाली मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, गर्भपिशवीची दुर्बिणीची तपासणी, तांबी बसवणं, बायोप्सी सगळं आता शून्य वेदनेत, फक्त चष्मा लावा, अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांना परवानगी देणारं तिकडचं सरकारी खातं) मान्यता आहे, वेदना मेंदूत असते, तसंही पाच मिनिटांचं काम आहे आणि पाळीसारखं दुखतं, साइड इफेक्ट काही नाही, भूल म्हणजे बिल वाढवायचा धंदा.

एरवी असलं मी वाचत पण नाही, सरळ डिलीट. पण माझ्या नणंदेची पुढच्या महिन्यात हिस्टेरोस्कोपी आहे, म्हंजे पिशवीच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत घालून आतलं अस्तर बघतात ती, आणि फॉरवर्ड वाचून आमचे भावजी लगेच म्हणाले, "बघ, भुलीचे पैसे वाचतील." नणंद काही बोलली नाही, तिचा चेहरा बघून मीच रात्री मोबाइल घेऊन बसले. तर आता एकेक वाक्य घेऊ.

"इंग्लंडच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, शून्य वेदना." अभ्यास झालाय हे खरं. २०२१ च्या बीजेओजी या स्त्रीरोगाच्या ब्रिटिश मासिकात तो छापून आला. बायका किती तर ४०. आमच्या बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला याहून जास्त येतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला चष्मा, दुसऱ्याला नेहमीसारखी तपासणी, आणि मग किती दुखलं त्याला ० ते १० मध्ये मार्क द्यायला सांगितले. नेहमीच्या गटाची सरासरी आली ६ आणि चष्मेवाल्यांची ३.७, भीती पण कमी झाली. हा फरक लहान नाहीये, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मला सांगा यात शून्य कुठाय? ३.७ म्हणजे दुखलंच की, आणि ही सरासरी आहे, म्हंजे कुणाला २ तर कुणाला ६ पण असेल. आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पुढचं वाचलंच नाही. २०२३ मध्ये त्याच मासिकात, त्याच देशातला, जवळजवळ दुप्पट बायकांचा अभ्यास आला आणि त्यात चष्म्याने ना वेदनेत म्हणावा असा फरक पडला ना भीतीत. आता दोन्हींतलं खरं कुठलं? दोन्ही खरे असू शकतात. एक तर गोळी तपासायची तर दिसायला तशीच खोटी गोळी देता येते, चष्मा खोटा कसा देणार, बाईला कळतंच की आपल्या डोळ्यांवर काय आहे आणि कशासाठी आहे. वर प्रत्येक ठिकाणी हेडसेट वेगळा, आत दाखवलेलं वेगळं, दुर्बिणीची जाडी वेगळी, डॉक्टरचा हात वेगळा. एवढ्यावरून "सिद्ध" शब्द वापरायचा नसतो, एवढंच.

आणि एक गंमत. "नेहमीसारखी तपासणी" म्हणजे काहीच नाही असं नसतं. इंग्लंडमध्ये अशा वेळी उशाशी एक नर्स उभी असते, हात धरून गप्पा मारत राहते, मुलं किती, सुट्टीत कुठे जाणार, त्याला तिकडे गमतीने "व्होकल लोकल" म्हणतात, म्हंजे बोलून दिलेली लोकल भूल (मुंबईकरांनो, ट्रेन नव्हे). चष्म्याची तुलना खरं तर त्या नर्सशी आहे. तिला बाजूला सारून जागी डबा बसवला तर तो फायदा की तोटा, हे फॉरवर्डमध्ये कुणी विचारलंय?

"एफडीएची मान्यता आहे." हो, आहे. नोव्हेंबर २०२१ ला इझव्हीआरएक्स नावाच्या एका व्हीआर सिस्टीमला मिळाली, कशासाठी तर जुनाट कंबरदुखीसाठी, मोठ्या माणसांना, घरी आठ आठवडे रोज थोडा थोडा वेळ करायचा कोर्स, आणि तोही बाकीच्या उपचारांच्या जोडीला. पिशवीचा त्यात उल्लेख पण नाही. उद्या ट्रॅक्टरचं लायसन दाखवून विमान चालवाल.

"वेदना मेंदूत असते." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण ते अर्धं खरं आहे आणि बायकांना गप्प करायला फार सोयीचं आहे. वेदना मेंदूत कळते हे बरोबर, पण मग दाढदुखी पण मेंदूतच कळते, म्हणून डेंटिस्ट इंजेक्शन न देता दाढ उपटतो का? लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं कमी जाणवतं हे आपल्या आज्यांना पण माहीत होतं, पोराला इंजेक्शन देताना "तो बघ काऊ" म्हणायचंच. व्हीआर म्हणजे तोच काऊ, फक्त चहूबाजूंनी. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या पेशंटांच्या ड्रेसिंगच्या वेळी हे वापरून बघितलं, नंतर त्यासाठी स्नोवर्ल्ड नावाचं बर्फाचं जगच बनवलं, पेशंटने बर्फाचे गोळे फेकत बसायचं, तिकडे जखम साफ होतेय. २००४ मध्ये त्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं की चष्मा लावलेला असताना वेदनेशी जोडलेल्या भागांतली हालचाल खरंच कमी होते. म्हणजे हे थोतांड नाहीये, उलट मला तर भारी वाटलं वाचून. पण २००० साली त्यांचा जो पहिला लेख आला त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की ही "जोडीची" वेदनाशामक पद्धत आहे. त्या जळालेल्या पोरांना मॉर्फिनच्या जातीची औषधं चालूच होती, चष्मा त्याच्या वर. ज्यांनी हे शोधलं ते "बरोबर" म्हणतात आणि आमचा फॉरवर्ड "ऐवजी" म्हणतो, सगळी मेख तिथेच आहे.

"पाच मिनिटांचं काम, पाळीसारखं दुखतं." बरं. मला स्वतःला काही वर्षांपूर्वी गर्भनळ्यांच्या, म्हंजे ट्यूबच्या टेस्टला, एचएसजीला, एका एक्स-रे सेंटरमध्ये हेच सांगितलं होतं. काम पाच मिनिटांचंच होतं, खोटं नाही बोलणार. त्या पाच मिनिटांत मी छताच्या टाइल्स तीन वेळा मोजल्या, तोच माझा व्हीआर, आणि "थांबा" म्हणाले तर उत्तर आलं "झालंच ताई, सैल सोडा". नंतर रिक्षात बसून रडले. प्रत्येकीला असं होत नाही हेही सांगते, माझी मैत्रीण त्याच टेस्टनंतर सरळ ऑफिसला गेली. इंग्लंडमधल्याच हिस्टेरोस्कोपीच्या आकड्यांवर २०२० मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशियात एक लेख आला, त्यात शंभरातल्या साधारण १७-१८ जणींनी वेदनेला १० पैकी ७ च्या वर मार्क दिले होते, आणि "अजिबात नाही दुखलं" म्हणणाऱ्या शंभरात ८ पण नव्हत्या. तिकडे २०१४ पासून वेदनादायक हिस्टेरोस्कोपीच्या विरोधात बायकांची मोहीम चालू आहे, लिन ब्राऊन या तेव्हाच्या खासदार बाईंनी पार्लमेंटमध्ये परत परत हा विषय काढला. ज्या देशाचं नाव घेऊन फॉरवर्ड फिरतोय त्या देशातल्या बायका भूल मागतायत, ही बाजू कुणी फॉरवर्ड करत नाही.

साइड इफेक्टचं पटकन: व्हीआरने काहींना गरगरतं, मळमळतं. आणि ही तपासणी चालू असताना काहींना तसंही चक्कर आल्यासारखं होतं, नाडी मंदावते, बीपी उतरतं, मग हे कशाने झालं ते ओळखा. शिवाय पाय वर बांधून झोपलेलं असताना समोर कोण काय करतंय ते दिसायलाच नको, असं काहींना वाटतं आणि काहींना नेमकं उलटं, दिसलं नाही की जीव घाबरा होतो. काहींना तर स्क्रीनवर आपली पिशवी बघायची असते. फोटोतली बाई सोफ्यावर बसलीये हे विसरू नका.

आता शेवटचं, "भूल म्हणजे बिल वाढवायचा धंदा." भावजींना हेच आवडलं होतं. भूल म्हणजे एकच प्रकार नसतो हो. गर्भाशयाच्या तोंडाला इंजेक्शन देऊन बधिर करणं वेगळं, गुंगीचं औषध वेगळं, पूर्ण झोपवणं वेगळं. पूर्ण भुलीला उपाशी राहावं लागतं, सोबत माणूस लागतं, तिचे स्वतःचे धोके आहेत, आणि पुष्कळ बायकांचं तिच्याशिवाय छान होतं, मग उगाच कशाला घ्यायची. पण पिशवीच्या तोंडाच्या नसा माकडहाडाच्या बाजूने येतात आणि वरच्या भागाच्या नसा पाठीच्या मणक्यात बऱ्याच वरून, म्हणून तोंडाशी दिलेल्या इंजेक्शनने वरचं दुखणं पूर्ण जात नाही, पाणी भरून पिशवी फुगवली की ते जाणवतंच. म्हणूनच इंग्लंडमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचं म्हणणं आहे की बाईला आधीच सगळे पर्याय सांगा, गुंगी आणि पूर्ण भूल धरून, आणि ती "बस" म्हणाली की थांबा. दुखणं खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी फारच साध्या आहेत, फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही: आधी वेदनाशामक गोळी, बारीक दुर्बीण, पाण्याचा दाब कमीत कमी, आणि ते बदकाच्या चोचीसारखं स्पेक्युलम न लावताच दुर्बीण आत नेणं. या शेवटच्या गोष्टीवर २०१९ मध्ये जवळपास १६०० बायकांचा अभ्यास आलाय, वेळ कमी लागला, दुखलं कमी आणि तपासणी यशस्वी होण्याचं प्रमाण पण जास्त. १६०० बायका, तो कुणी फॉरवर्ड नाही केला. तांबीचंही तसंच, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये लिहिलंय की बसवताना लिडोकेनचा, म्हंजे बधिर करणाऱ्या औषधाचा, उपयोग होऊ शकतो आणि वेदनेबद्दल प्रत्येकीशी आधी बोला. चष्मा नाही, लिडोकेन.

काल नणंद डॉक्टरांकडे जाऊन आली. वहीत चार प्रश्न लिहून नेले होते, दुर्बीण किती जाडीची, गोळी कधी घ्यायची, नको झालं तर थांबणार का, आणि नाहीच जमलं तर भूल त्याच दिवशी मिळेल का. डॉक्टर बाईंनी चारही उत्तरं दिली, गोळी तासभर आधी घ्यायला सांगितली आणि नको म्हणालीस की तिथेच थांबू, मग भुलीची तारीख घेऊ म्हणाल्या. निघताना हिने हेडसेटचं विचारलं तर त्या हसल्या, "तो नाहीये गं, पण हेडफोन आण, आशाताई लाव." भावजी परत येताना म्हणे गप्प होते. त्यांनी ग्रुपवरचा फॉरवर्ड काढलेला नाही अजून, बघते आज सांगून.