लेक्चर घ्या आणि घरी जा

‘प्राध्यापकांनी लेक्चर घ्यावं आणि घरी जावं. सरकारचा पगार खायचा आणि मोर्चात घोषणा द्यायच्या, हे चालणार नाही.’ हे माझ्या आतेभावाचं मत. तो एका शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळावर आहे, त्यामुळे त्याचं मत नुसतं मत राहत नाही. तरी मी ते गिळलं असतं. मी लंडनमध्ये नोकरी करते; झोंबलं ते पुढचं वाक्य : ‘तुमच्या इंग्लंडमध्ये बघ. तिथले विद्वान आपलं काम करतात, म्हणून त्यांना नोबेल मिळतात.’

बरं, नोबेलच घेऊ. इंग्रज तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ बर्ट्रांड रसेलला साहित्याचं नोबेल मिळालं १९५० साली. तोवर त्याची एक तुरुंगवारी झाली होती आणि दोनदा नोकरी गेली होती. सैन्यात जायला नकार देणाऱ्या एका तरुणाला दोन वर्षं सक्तमजुरी झाली, तेव्हा रसेलने त्याच्या बाजूने पत्रक लिहिलं. त्यासाठी १९१६ मध्ये शंभर पौंड दंड झाला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला काढून टाकलं. हार्वर्डला शिकवायला जायचं होतं, तर सरकारने पासपोर्ट दिला नाही. १९१८ मध्ये एका लेखासाठी सहा महिने ब्रिक्स्टनचा तुरुंग. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातली नेमणूक कोर्टाने रद्द केली. लग्न आणि नीतीबद्दलची त्याची मतं तरुणांना बिघडवतील म्हणून. म्हणजे ‘लेक्चर घ्या आणि घरी जा’ म्हणणारे इथेही होते, आणि आतेभावापेक्षा त्यांचे हात लांब होते.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आतेभावाच्या संस्थेत बाबासाहेबांची जयंती दणक्यात होते, भाषणं होतात, हार घातले जातात. त्याच बाबासाहेबांनी १९१८ मध्ये रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं होतं. मालमत्तेबद्दलच्या त्याच्या मतांवर त्यांनी नीट बोट ठेवलं. शिवाय बजावलं की हा माणूस युद्धाच्या विरोधात आहे म्हणून स्वस्थ बसायला सांगतोय असं कुणी समजू नये. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस. आज असं लिहिणारा सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक या मंडळासमोर मुलाखतीला आला, तर त्याचं काय होईल?

आणि तीसच्या दशकात, कृष्ण मेनन लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारी इंडिया लीग ही संघटना चालवत होते तेव्हा, तिचा अध्यक्ष कोण होता? रसेलच. एक इंग्रज तत्त्वज्ञ आपल्याच सरकारला हिंदुस्थानवरून बोल लावत होता. तेव्हा त्यानेही गणित सोडवत बसायला हवं होतं का?

पुढे एकोणनव्वदाव्या वर्षी, १९६१ मध्ये, अण्वस्त्रविरोधी आंदोलनासाठी तो पुन्हा आठवडाभर ब्रिक्स्टनला गेला. चांगल्या वर्तणुकीची हमी दे, सोडतो, असं मॅजिस्ट्रेट म्हणाला, तर याने नाही म्हटलं. (दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं हाच माणूस रशियाला युद्धाची धमकी द्यावी असं म्हणत होता, ते मी आतेभावाला सांगितलं नाही.) आता लंडनच्या रेड लायन स्क्वेअर या बागेत त्याचा अर्धपुतळा आहे. माझं ऑफिस जवळच होबर्नला, ऊन असलं की मी तिथेच दुकानातलं सँडविचचं मील डील खाते. हेही आतेभावाला कळवलं, जरा ऐटीतच.

त्याने अभ्यास करून उत्तर पाठवलं. ‘तुझा रसेल अर्ल होता. आजोबा पंतप्रधान. पहिल्या वेळी तुरुंगात वरच्या वर्गाची वागणूक मिळाली, आत बसून गणिताच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं. आमच्याकडे तासिका तत्त्वावर असलेल्या पोराला हे परवडतं का?’

नाही परवडत. ते मान्यच. पण त्या पोरांना तासिका तत्त्वावर नेमणाऱ्या मंडळावर तोच बसतो, हे मी लगेच लिहिलं. लिहिताना बरं वाटलं.

मग जरा वेळाने बरं वाटेनासं झालं. मी कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर होते तेव्हा ऑफिसजवळच्या किंग्सवे रस्त्यावरून मोर्चे जायचे, आणि मी दुसऱ्या फुटपाथने स्टेशन गाठायचे. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना आला तरी पाय त्याच फुटपाथला. निवेदनं सह्यांसाठी येतात, मी ती वाचते, मनातल्या मनात सहमत होते आणि मेल बंद करते. इथलं सरकार निवडायला मला मत आहे, कारण राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट. साम्राज्याने मागे ठेवलेली ही सोय मी दर निवडणुकीला बिनदिक्कत वापरते. भारतात नाव यादीत घालता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं. मी ते नावही घातलेलं नाही. ‘तुमच्या इंग्लंडमध्ये’ हे शब्द का झोंबले, हे त्याला कळलं असणार.

तरी शेवटचं मीच लिहिलं : पुढच्या बैठकीत एवढं तरी सांग, की मोर्चात दिसला म्हणून कुणाच्या तासिका कापायच्या नाहीत.

‘सांगतो,’ तो म्हणाला. ‘तुझं नाव घेऊन सांगू?’

अजून उत्तर दिलेलं नाही.