गिऱ्हाईक कसे पळवावे: नवशिक्या फोटोग्राफरांसाठी

कॅमेरा हप्त्यावर घेतलात आणि आता फोटो विकून हप्ते फेडायचे म्हणता? उत्तम. मग भर पावसाळ्यातल्या रविवारी गोकाकचा धबधबा गाठा. तिथे तोच धबधबा, त्याच झुलत्या पुलासकट टिपणाऱ्यांची जत्रा भरलेली असेल. त्यांच्या खांद्यावरून तुम्हीही टिपा. फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर असे ढीगभर फोटो असताना आणखी एक टाकायचा तो आपलाच. लेन्सचे छिद्र एफ २२ वर, अगदी बारीक ठेवा, म्हणजे सेन्सरवरची धूळ आभाळात काळ्या ठिपक्यांसारखी उमटेल. फोटो शंभर टक्के मोठा करून हे ठिपके शोधत बसू नका. साइटवरचा तपासणारा शोधेल आणि फोटो परत पाठवेल.

वडगाव-शहापूरचे माग, खानापूरकडची भातलावणी, निपाणीची तंबाखूची वखार, कढईत कुंदा परतणारा हात, यांकडे मात्र ढुंकूनही पाहू नका. पाठ्यपुस्तकवाले, मासिकवाले, कॅलेंडर छापणारे असलेच काहीतरी शोधत असतात. सापडले तर त्यांना पैसे मोजावे लागतील. उगाच कुणाला खर्चात का पाडा?

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर गेलातच तर एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोपवा. भंडारा उधळला की त्या पिवळ्यात लाल चॅनेल, म्हणजे चित्रातला लाल रंगाचा थर, सगळ्यात आधी भरतो. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, शहाण्या मुलासारखा बसलेला दिसतो. लालचा वेगळा आलेख उघडला तरच तो उजव्या भिंतीला आदळलेला कळतो. तो उघडायचा नाही. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाची पायरी) उतरवून रॉ या कच्च्या फाइलमध्ये घेतले तर हवेतला कण न् कण, कपाळावरच्या हळदीला पडलेली घामाची भेग, सगळे येईल. तुम्हाला जेपेगमधला पिवळा चिखल पुरे. घरी येऊन सॅच्युरेशन टोकाला न्या, चिखल चमकेल.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तर हक्काची. ढोल वाजवणारा पोरगा ओळखू येतोय, मागे शीतपेयाचा फलक झळकतोय, असा फोटो थेट जाहिरातीच्या वापरासाठी म्हणून चढवा. जाहिरातीसाठी ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचे सही केलेले मॉडेल रिलीज, म्हणजे संमतीपत्र, लागते, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची सही लागते, आणि कंपनीचे चिन्ह चालत नाही. हाच फोटो एडिटोरियल, म्हणजे बातमी-लेखाच्या वापरासाठी म्हणून, काय-कुठे-केव्हा असा सरळ मथळा लिहून दिला तर बहुधा खपेल. पण मथळा कोण लिहितो? नाकारला गेला की ‘सीमाभागावर तिथेही अन्याय’ असे स्टेटस ठेवा.

कीवर्डांत, म्हणजे फोटो शोधायच्या शब्दांत, हात आखडू नका. ॲडोबी स्टॉक या साइटवर ४९ चालतात, म्हणजे ४९ भरलेच पाहिजेत: भात, मुंबई, हत्ती, योगा, प्रेम. पहिल्या दहांना तिथे जास्त वजन असते, म्हणून खरे शब्द चाळिसाव्या नंबरानंतर टाका. इंग्रजीत बेळगाव आणि बेळगावी, दोन्ही स्पेलिंगे दिली तर दोन्हीकडचे गिऱ्हाईक पोचेल. पण तत्त्वापुढे गिऱ्हाईक काय! फोटो विकलाच गेला तर किमतीतले ३३ टक्के तुमचे. त्यातूनही अमेरिकेतल्या विक्रीवर पूर्ण ३० टक्के कर कापून घ्यायचा असेल तर डब्ल्यू-८बेन हा परदेशी माणसांसाठीचा अमेरिकी कराचा फॉर्म भरायचाच नाही. पॅन नंबर हाताशी असेल तर तो दहा-पंधरा मिनिटांत भरून होतो, म्हणून जपून.

आता प्रिंट. बारा बाय अठरा इंचाची चांगली प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. तुम्ही लॅबवाल्याला फोटो व्हॉट्सॲपवर साधाच धाडा. लांब बाजू सोळाशेच्या आसपास येऊन बसेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते, हे कुणाला सांगू नका. फोटो मोबाइलचा चार-तीन प्रमाणातला असेल तर अठरा इंच रुंदीला उंची साडेतेरा होते. वरचा दीड इंच लॅबवाला कापेल आणि त्यात यल्लम्माच्या जगाचा, म्हणजे डोक्यावर वाहायच्या देवीच्या टोपलीचा, कळस जाईल. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून एडिट करा, म्हणजे प्रिंट हमखास काळवंडून येते. मग तिला काच लावा आणि बसच्या पार्सलमध्ये टाका. ॲक्रिलिक सहजासहजी फुटत नाही, त्यात मजा नाही.

दर ठरवताना प्रिंट, माउंट, फ्रेम, पॅकिंग, पेट्रोल असले काही मांडू नका. लॅबचे बिल तेवढीच किंमत. मंडळाच्या स्मरणिकेवाल्यांचा फोन येईल, ‘फोटो पाठवून दे की, तुझं नाव टाकतो.’ त्यांना किती प्रती, एकदाच की कायम, छापील की नेटवरही, असे विचारून ओशाळवू नका. ‘घ्या की दादा, आपलंच आहे’ म्हणून मोठी फाइल द्या. नाव शेवटच्या पानावर येईल, झेरॉक्स सेंटरच्या जाहिरातीखाली, आडनाव चुकवून.

हे सगळे पचले की लग्नाच्या ऑर्डरीकडे वळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ म्हणते की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. करार म्हणजे अर्ध्या पानाचा कागद, पण पाहुण्यांत तो शोभत नाही. तेव्हा नवरीचा झकास फोटो खुशाल साडीच्या दुकानाला विका. चौकात फलक लागला की नवरीचे मामा पत्ता विचारत तुमच्या स्टुडिओत येतील. त्यांना आधी चहा सांगा, साखर जरा जास्त.