धायरी फाट्यावर झाकलेलं कोंबडं

शनिवारी रात्री टपरीवर जी जुंपली ती लिहून ठेवतोय, कारण सोमवारी सुन्या म्हणणार मी असं बोललोच नव्हतो. विषय तोच, अमेरिका आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जिनिव्हाची जागतिक आरोग्य संघटना. ट्रम्पने २० जानेवारी २०२५ ला तिच्यातून बाहेर पडायच्या कागदावर सही केली तेव्हापासून हे गुऱ्हाळ चालूच आहे, बातमी सगळ्यांना पाठ आहे, ती सोडा.

सुन्या हिंजवडीहून ट्रॅफिकमधून दोन तास पिचून आलेला, तरी एकदम फ्रेश. बसायच्या आधीच मोबाईल बाहेर. जगाचा नकाशा, त्यावर लाल-पिवळे ठिपके, कुठे बर्ड फ्लू कुठे कॉलरा. "हे बघा, गेली तर गेली अमेरिका, आता साथी शोधायला माणसांची गरजच नाहीये. एआय आहे, सॅटेलाइट आहे, जगातल्या सगळ्या भाषांतल्या बातम्या मशीन वाचतं, कुठे कोंबडी शिंकली तरी रिअल टाइममध्ये कळतं. डेटा आहे ना डेटा."

चहावाला अण्णा गाळणी आपटत म्हणाला, "आठ वेळा झालं डेटा." अण्णा मोजतो. मागच्या शनिवारी एकवीस होते.

बापू आमच्यात सगळ्यात मोठे, आयुष्यभर पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून रिटायर झालेले, मूळचे इंदापूरकडचे. बशीत चहा ओतून शांत बसलेले. म्हणाले, "आरं, कोंबडी शिंकली हे त्या सॅटेलाइटला कोण सांगतं?"

सुन्या म्हणे, सिस्टीम.

"सिस्टीमला कोण सांगतं?"

सुन्याने परत नकाशा पुढे केला. बापूंनी चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाले, "हितं एक ठिपका पडायच्या आधी कुणीतरी गोठ्यातनं नायतर खुराड्यातनं फोन केलेला असतो. त्यानं नाय केला तर तुझा नकाशा कोरा. आन् कोरा नकाशा बघून तुला वाटणार सगळं ठीक हाय."

मला हे वाक्य तिथेच पटलं, आणि पुढचे दोन तास जे झालं त्याने आणखीनच पटलं.

स्मिता पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिला या विषयातलं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. ती म्हणाली, "सुन्या, गूगलने २००८ ला हेच केलं होतं. लोक ताप-खोकला सर्च करतात त्यावरून फ्लू मोजायचा. २०१२-१३ च्या हिवाळ्यात आकडा खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आला. टीव्हीवर फ्लू फ्लू ओरडलं की धडधाकट माणूसपण सर्च करतो रे. २०१५ ला गुंडाळलं सगळं." सुन्या म्हणाला ते जुनं मॉडेल होतं. त्याच्यासाठी जे चुकतं ते सगळं जुनं मॉडेल असतं, कॉलेजमध्ये केटी लागली तेव्हाही पॅटर्न जुना होता.

मग तिने प्रोमेडचं सांगितलं. १९९४ ला सुरू झालेली साधी ईमेलची यादी, जगभरातले डॉक्टर, व्हेटर्नरीवाले, शेतीवाले एकमेकांना कळवतात, मध्ये जाणकार माणसं बसून तपासतात आणि मग पुढे पाठवतात, माणसांचे, जनावरांचे, पिकांचे सगळे रोग एकाच ठिकाणी. १० फेब्रुवारी २००३ ला तिथे एका डॉक्टरने विचारलं होतं की ग्वांगझूमध्ये काही साथ आहे का, माझ्या ओळखीचं कुणीतरी शिक्षकांच्या चॅटरूममध्ये आहे, ते म्हणतात तिथली हॉस्पिटलं बंद आहेत, माणसं मरतायत. तो सार्स होता, कोविडच्या आधीचा तसलाच श्वसनाचा रोग. चीनने तोवर काही महिने तोंडातून ब्र काढला नव्हता. "शिक्षकांचा कट्टा रे," स्मिता म्हणाली, "आपल्यासारखाच, फक्त नेटवरचा. तिथल्या गप्पांतून जगाला कळलं. कोविडचं पण पहिलं प्रोमेडवर आलं, ३० डिसेंबर २०१९ च्या रात्री."

सुन्या लगेच, "मग तेच म्हणतोय ना मी, अशा गप्पा मशीन वाचणार."

आता इथे मी सुन्यावर अन्याय करणार नाही. मशीन वाचतात हे खरंच आहे, कॅनडावाल्यांनी १९९७ पासून बातम्या चाळणारी यंत्रणा चालवली, आणि सार्सनंतर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ ला नव्याने लिहिले, २००७ पासून लागू झाले, त्यात डब्ल्यूएचओला अधिकार मिळाला की सरकारने सांगितलं नसेल तरी इकडची तिकडची बातमी धरून त्या देशाला विचारायचं, बाबा हे खरं का. हे मोठं काम झालं. पण विचारायला आधी कुणीतरी बोललेलं पाहिजे, आणि बोलणाऱ्याचं पुढे काय होतं? वुहानच्या ली वेनलियांगने आपल्या बॅचच्या डॉक्टरांना ग्रुपवर फक्त सावध केलं, डोळ्यांचा डॉक्टर होता तो, पोलिसांनी बोलावून अफवा पसरवतोस म्हणून सही घेतली, ७ फेब्रुवारी २०२० ला कोविडनेच गेला. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला ओमिक्रॉनचं प्रामाणिकपणे कळवलं, दोन दिवसांत त्यांचीच विमानं बंद. म्हणजे ज्याने दार वाजवून आग लागली सांगितलं त्यालाच गल्लीबाहेर काढायचं. हे मी तावातावाने बोललो आणि ग्लास सांडला, पण माझं म्हणणं तेच आहे, यंत्रणा कितीही लावा, सांगणाऱ्याला फटका बसत असेल तर लोक लपवणारच.

"लपवलंच होतं," नाना म्हणाले. नाना नारायण पेठेतले, इतिहासाचे मास्तर, मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून धायरीत आले आणि ते दुःख अजून संपलेलं नाही. "१८९७. प्लेग. सोल्जर लोक बुटांसकट देवघरापर्यंत शिरायचे, आजारी सापडला की उचलून नेणार, घरातलं सामान जाळणार. मग लोक काय करतील? पेशंट माळ्यावर. कोठीत. रँड साहेबाला वाटलं आपण रोग शोधतोय. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी काय केलं ते माहितीच आहे."

सुन्या म्हणाला, "नाना, तेव्हा डेटा..."

"नऊ," अण्णा.

"तेव्हा डेटा होता रे! रोजचे आकडे होते सरकारकडे. माणसं नव्हती त्यांच्या बाजूला."

मग नानांना चढलंच. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा आपल्या पुण्याच्या व्हायरस सेंटरची माणसं तिकडे गेली, नवा व्हायरस सापडला, तेच सेंटर पुढे एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था झालं, पाषाणला त्यांची सगळ्यात घातक विषाणूंसाठीची, देशातली पहिली बीएसएल-४ लॅब आहे वगैरे. नानांना पुण्याचं कौतुक करायला निमित्त लागत नाही. पण बापूंनी ते धरलं. "माकडताप. पुढं २०१६ ला आपल्या दोडामार्गाकडं आला. तिथं काजूच्या बागेत माकड मेलेलं दिसलं की लोक कळवायला लागले. माकड मोजणं ह्योच डेटा. कारण तिथं मेलेल्या माकडाचं कुणी बिल फाडत नाय."

आणि मग त्यांनी नवापूरचं काढलं. आम्ही अर्धवट ऐकलेलं, पूर्ण कधीच नाही.

फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्हा, देशातला पहिला बर्ड फ्लू. सुरुवातीला सगळ्यांना मानमोडीच वाटली, रानीखेत, कोंबड्या दरवर्षी मरतातच. भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यातनं माणसं बोलावली, त्यात बापू. पांढरे सूट, गॉगलच्या आत वाफ धरून समोरचं दिसेना, टॅमीफ्लूच्या गोळ्या, खड्डे, चुना, पोती. पोल्ट्रीवाल्यांचं लवकर उरकलं म्हणाले, अवघड होतं ते घरटी पाच-दहा कोंबड्या असलेल्यांचं. एका घरात म्हातारी एकटी. सगळ्या कोंबड्या तिने स्वतः पकडून दिल्या, पाय बांधून, एकेक. आणि कोपऱ्यात डालगं पालथं, त्यावर गोधडी टाकलेली आणि म्हातारी त्या गोधडीवर बसलेली. आतनं कोंबडा आरवला.

"कोंबडं झाकलं तरी..." नाना सुरू झाले.

"म्हण नका सांगू, नाना," बापू म्हणाले. एवढंच. नाना गप्प.

"मग काय केलंत?" मी विचारलं. तेवढ्यात सुन्या म्हणाला, "म्हणूनच सिस्टीम स्ट्रिक्ट पाहिजे. रिपोर्टिंग कंपल्सरी. जो डेटा लपवेल त्याला सरळ दंड. डिसिप्लिनच नाही आपल्याकडे."

स्मिताने ग्लास खाली ठेवला. मला कळलं आता काय येणार, कारण गेलं वर्षभर ती ते गिळून होती.

"जानेवारी २०२५. जीबीएस, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी, आपल्याच दारात. हॉस्पिटलांनी कळवलं म्हणून तरी कळलं, एनआयव्हीने तपासलं, पोट बिघडवणारा कॅम्पायलोबॅक्टर जंतू निघाला. आपल्या सोसायटीच्या टाकीचं पाणी मी माझ्या पैशाने तपासून आणलं होतं. रिपोर्ट खराब आला. ग्रुपवर टाकू नका कोण म्हणालं होतं रे?"

सुन्या मोबाईलमध्ये.

"सेक्रेटरी कोण होतं?"

"अगं पॅनिक झालं असतं."

"पॅनिक नाही, तुझा दोन बीएचके विकायला काढला होतास तू. गिऱ्हाईक त्या रविवारी येणार होतं."

हे मला माहीत होतं आणि मला याचा अजून राग आहे. त्या आठवड्यात माझी आई त्याच टाकीचं पाणी पीत होती, तिला जुलाब झाले, आणि पुढे पंधरा दिवस मी रोज सकाळी तिला विचारायचो, पायाला मुंग्या येतायत का, जिना चढताना जड वाटतंय का. तिला काही झालं नाही. ज्यांना झालं त्यांच्या घरचे व्हेंटिलेटरजवळ बसले होते. चार दिवस तो रिपोर्ट स्मिताच्या पर्समध्ये होता, मग तिने स्वतःच नोटीसबोर्डावर चिकटवला आणि कमिटीने तिलाच विचारलं की परवानगी कुणाची घेतलीस. मी तेव्हाही तिच्या बाजूने बोललो होतो, आजही बोललो.

सुन्या म्हणाला, "ते वेगळं होतं."

"काय वेगळं?" बापू म्हणाले. "म्हातारीनं कोंबडा झाकला, तू टाकी झाकली. तिच्याकडं एकच कोंबडा होता, तुझ्याकडं दोन बीएचके. दंड कुणाला लावायचा सांग."

सुन्याला उत्तर सुचेना. मग तो म्हणाला चिकनमुळे झालं होतं, पाण्याचा काय संबंध. स्मिता म्हणाली अरे तो जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतोच, खडकवासल्याकडच्या पोल्ट्र्यांचे पण नमुने घेतले होते, म्हणूनच माणसाचा डॉक्टर आणि जनावराचा डॉक्टर एका टेबलावर बसायला पाहिजेत. बापू म्हणाले आम्हाला टेबल मिळतं, खुर्ची मिळत नाही. २०२२ च्या लंपीचं, गाईगुरांच्या त्या कातडीच्या साथीचं त्यांनी सांगितलं, बैलबाजार बंद, पहिले पहिले लोक गाय आतल्या खोलीत बांधायचे. दुभत्या गाईला ३० हजार सरकार देणार म्हटल्यावर फोन थांबेनात. "रात्री दोनला फोन. ह्येला म्हणायचं निगराणी. ज्याचं जनावर गेलं त्याच्या हातात काय पडलं ते आधी बघा, खबर आपोआप येतीया."

सुन्याने शेवटचा प्रयत्न केला. "बरं पण तत्त्व म्हणून, चोवीस तासांत कळवायचं हे तरी मान्य आहे ना? इंटरनॅशनल नियमच आहे तसा."

अण्णाने वही काढली. "चोवीस तास? तुमची उधारी एकशे ऐंशी रुपये, दिवाळीपासून. कळवू का जिनिव्हाला?"

यावर नाना असे हसले की त्यांना ठसका लागला, मग सगळे एकदम त्यांच्यापासून लांब सरकले, "नाना, सॅम्पल द्या, पाषाणला पाठवतो" म्हणून स्मिता ओरडली, कुणीतरी सुन्याच्या नकाशावर धायरी फाट्याला बोटाने ठिपका काढायला लागलं. सुन्या पण हसला. पैसे दिले नाहीतच, नेटवर्क नाही म्हणाला.

साडेअकराला उठलो. बापूंची स्कूटर लवकर चालू होत नाही, मी आणि स्मिता थांबलो. किक मारता मारता तिने विचारलं, "बापू, तो कोंबडा घेतलात?"

"घेतला. नियम होता." दोन किका मारल्या. "तिला कागद दिला सही करून, पैसे येतील म्हणालो. तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी दुसऱ्या गावाला लागली. पैसे आले का ते मी कधी इचारलं नाय."

स्कूटर चालू झाली.