नगरात नवा देव आल्यास राजाने काय करावे

आपण प्राचीन ग्रीसमधील एखाद्या नगराचे राजे असाल आणि मदिरेचा व सुफलतेचा देव डायोनिसस लांब केस मोकळे सोडून, बायकांचा घोळका घेऊन वेशीत येऊन उभा राहिला, तर सर्वप्रथम त्याचे देवपण नाकारावे. तो आपला मावसभाऊ असेल, तर अधिकच ठामपणे नाकारावे, कारण घरातल्या माणसाला देव मानणे कोणत्याही घराण्याला जड जाते. थीब्जच्या पेन्थिउसने नेमके हेच केले.

आजोबा कॅडमस आणि आंधळे द्रष्टे टायरेसियस हरणाचे कातडे पांघरून नाचायला निघाले, तर त्यांना वयाची आठवण करून द्यावी. नाचणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकावे. त्यांच्या बेड्या आपोआप गळून पडल्यास बेड्यांच्या दर्जाची चौकशी लावावी. देवाला स्वतःच्या हातांनी बांधावे आणि आपण घाम गाळून प्रत्यक्षात एक बैल बांधला आहे, हे लक्षात आले तरी माघार घेऊ नये. पुढे राजवाडा हादरून कोसळेल, पण त्याचा अटकेशी संबंध जोडणे हा निव्वळ अपप्रचार समजावा. एवढे झाल्यावर किथेरॉन डोंगरावर बायका नेमके काय करतात याची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी, शासकीय कर्तव्य म्हणूनच अर्थात, बायकी वेष करून उंच झाडाच्या शेंड्यावर बसावे. त्या आपल्याला दिसतील की नाही सांगता येत नाही. आपण त्यांना नक्की दिसाल. त्यांत आपली आई अगावे असेल आणि तिला आपण सिंह वाटाल.

थ्रेसच्या लायकर्गसप्रमाणे देवाच्या दायांना पराणीने हाकलण्याचाही मार्ग आहे. मात्र द्राक्षवेल समजून कुऱ्हाड चालवताना समोर आपला मुलगा नाही ना, एवढे पाहून घ्यावे. लायकर्गसने ते पाहिले नव्हते, असे एक कथा सांगते.

रक्तपात नको असल्यास रोमच्या सिनेटकडून शिकावे. इ. स. पू. 186 मध्ये तिने असे ठरवले की, बाकसचे (डायोनिससचे रोमन नाव) विधी करायचेच असतील तर प्रेटर या न्यायाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, किमान 100 सिनेटर हजर असताना मंजुरी मिळवावी आणि दोन पुरुष व तीन स्त्रिया यांहून अधिक माणसे जमवू नयेत. इतक्या सह्या गोळा करून आलेली पाच माणसे फारशी बेभान होत नसावीत.

अथेन्सने तर देवाला उत्सव दिला, नाट्यगृह दिले, परीक्षक नेमले आणि त्याच्या पुजाऱ्याला पहिल्या रांगेत आसन दिले. नाटककार युरिपिडीजच्या मृत्यूनंतर तिथे त्याने लिहिलेले पेन्थिउसच्या चिंधड्यांचे नाटक झाले, तेव्हा त्याला पहिले पारितोषिक मिळाले.