कार्बन मोनॉक्साइडचे हात रिकामे नसतात

थंडी पडली की गॅस गिझर आणि कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूबद्दलचा एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं असतं: कार्बनला चार हात, कार्बन मोनॉक्साइडमध्ये त्यातले दोन ऑक्सिजनने धरलेले, दोन मोकळे. म्हणून हा भुकेला वायू रक्तातला ऑक्सिजन ओढून कार्बन डायऑक्साइड होतो आणि माणूस गुदमरतो. खोलीत पाण्याची बादली ठेवा, वास आला की बाहेर पडा. सावध करण्याचा हेतू चांगलाच आहे, पण रसायनशास्त्र चुकलंय आणि त्यापायी उपाय जिवावर बेतणारा झालाय.

आधी ते मोकळे हात. संयुजा शिकवताना हे चित्र बरं पडतं, मिथेनला चपखल बसतं. इथे नाही. या रेणूत कार्बनचे चार आणि ऑक्सिजनचे सहा, असे दहा बाह्य इलेक्ट्रॉन. त्यांतल्या तीन जोड्या दोघांच्या मध्ये, म्हणजे तिहेरी बंध. उरलेल्या दोनपैकी एक जोडी कार्बनवर, एक ऑक्सिजनवर. दोघांभोवती आठ-आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे दोघांचंही अष्टक पूर्ण, मोकळा हात एकही नाही! हा बंध तोडायला मोलमागे सुमारे १०७२ किलोज्यूल लागतात. नायट्रोजनचा दणकट तिहेरी बंधसुद्धा ९४५ मध्ये तुटतो.

ऑक्सिजन घेऊन डायऑक्साइड होणं म्हणजे जळणं. ते बघायचं तर पेटलेल्या शेगडीत बघा: लाल निखाऱ्यांवर फिकट निळी ज्योत थरथरते, तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला हवेत आपोआप पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सियस लागतात. आपलं रक्त ३७ अंशांवर असतं.

मग माणूस मरतो कशाने? कार्बनवरच्या त्या एकाकी जोडीने. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन जास्त ओढतो, तरी या रेणूचं किंचित ऋण टोक कार्बनकडेच असतं. मला हा रेणू आवडतो तो यासाठीच. ती जोडी हिमोग्लोबिनमधल्या लोहाला धरते, ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने. ऑक्सिजन खाल्ला जात नाही, त्याची जागा अडवली जाते. वर उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही हिमोग्लोबिन सहजी सोडत नाही.

बादलीचा उपयोग नाही, कारण हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. त्याला वासही नाही. सिलिंडर गळल्यावर येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास, आणि गॅस जळला की तोही जातो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसतो: कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, आणि बेशुद्ध माणसाचा आकडा ९८ दिसू शकतो. त्यामुळे बाथरूममध्ये कुणी भोवळ येऊन पडलं, तर आधी मोकळ्या हवेत काढा, मग दवाखान्यात पोचताच ‘आत गॅस गिझर चालू होता’ हे सांगा. रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन, वेगळं तपासावं लागतं. साध्या हवेत ते निम्मं व्हायला चार-पाच तास जातात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.