आधी बुजवा, मग बोलवा

अभिनंदन. पावसाळी नालीच्या कामावर तुमची नेमणूक झाली, म्हणजे साहेबांचा तुमच्यावर राग नाही. रस्त्याच्या कामावर जाणारे-येणारे जाडी मोजतात, इमारतीला तडा गेला की फोटो फिरतो. नाली मात्र जमिनीखाली जाते, आणि तिथे काय चाललंय ते पावसाशिवाय कोणाला कळत नाही. पाऊस आपल्या नागपुरात चार महिने असतो, तोही बहुधा तुमची बदली झाल्यावर जोर धरतो.

मी उभी हयात अशा चरांच्या काठावर काढली. म्हणजे काठापासून थोडी लांब, टपरीवर. तेव्हा चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो, ऐकून घ्या राजेहो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी दाखवायचं, ठेकेदाराने तसं लेखी कळवायचं, असं करारात लिहिलेलं असतं. वाचायला छान वाटतं. पण उघड्या चराशी जाणारा इंजिनीअर हमखास अडकतो. पाईपखाली मुरुमाची गादी घातलीय, की पाईप थेट काळ्या मातीवर टेकवलाय, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर निजवलेला पाईप दोन-तीन उन्हाळ्यांत सांध्यासांध्यात मान टाकतो. हे दिसलं की लिहावं लागतं. लिहिलं की पाईप काढायला लावावा लागतो. काढायला लावला की ठेकेदार तुम्हाला फोन करत नाही, तुमच्या वरच्याला करतो.

म्हणून आमच्या वेळी मिस्त्रीशी खूण ठरलेली असायची. एक मिस कॉल म्हणजे चर उघडा आहे, येऊ नका. दोन म्हणजे बुजला, या. दोन मिस कॉलवर गेलं की जमीन सपाट, वर पाणी मारलेलं, आणि पाहणी कशी प्रसन्न होते.

आता उतार. काही नवीन पोरांना उताराचं वेड असतं. दोन चेंबरमध्ये 30 मीटर अंतर आणि उतार 200 ला 1 असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाईप फक्त 150 मिलिमीटर खाली जायचा असतो. वीतभरही नाही! एवढ्यासाठी लेव्हल मशीन आणायची, तिपाई लावायची, स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायला पोरगा उन्हात उभा करायचा, प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी वहीत उतरवायची? मिस्त्रीच्या नजरेवर विश्वास ठेवावा. एकदा मीही शंका काढली होती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पानी सोडून पाहा ना." सोडलं. पाणी पाईपमध्ये थोडा वेळ विचार करत थांबलं आणि आमच्याच पायाशी परत आलं. मिस्त्री खूश. "पाहा, दोन्हीकडून चालते!"

पुस्तकात आणखी एक खेळ दिलेला आहे. पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा 13 मिलिमीटर लहान गुळगुळीत गोळा वरच्या टोकातून सोडायचा. तो खालच्या टोकाला बाहेर आला, म्हणजे आत सिमेंट-रेतीचा मसाला, विटांचे तुकडे, सांध्याला आलेली सिमेंटची जीभ असलं काही नाही. 300 च्या पाईपला 287 चा गोळा. तो कुठल्या दुकानात मिळतो हे मला नोकरी संपेपर्यंत कोणी विचारलं नाही. आमच्या एका साईटवर संत्रं सोडलं होतं. संत्रं दुसऱ्या बाजूने निघालं, पाईप पास झाला. अर्धा पाईप रेतीने भरलेला असतानाही संत्रं जातं, हे खरं आहे, पण संत्र्यावर संशय घेणारा माणूस नागपूरचा कसला?

दुसरी चाचणी आरशाची. एका चेंबरमध्ये दिवा, दुसऱ्यात आरसा. पाईप सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो. चंद्रकोर दिसली तर पाईप कुठेतरी वाकलाय किंवा बसलाय. काहीच दिसलं नाही तर वहीत "अंधारामुळे चाचणी शक्य नाही" असं लिहा. तक्रार अंधाराची आहे, तुमची नाही.

खरी कला रस्त्याचं काँक्रीट पडतं त्या दिवशी दिसते. इथे थोडं थांबून सांगतो, कारण आपल्या शहराला सिमेंट रस्त्यांचं भारी कौतुक. काम चालू असताना नालीची तोंडं गोणपाटाने बंद ठेवायची, आजूबाजूच्या मातीला आडोसा करायचा, आणि काँक्रीटची गाडी धुवायला वेगळा खड्डा करायचा, अशी पद्धत आहे. गाडीचा ड्रायव्हर घाईत असतो, खड्डा लांब असतो, नालीच्या तोंडावरची जाळी समोरच असते. तो ड्रम धुतो. राखाडी पाणी जाळीतून गुळगुळ करत खाली जातं, पाईपच्या तळाशी पसरतं आणि रात्रीतून घट्ट होतं. बघा, किती टिकाऊ काम! 28 दिवसांनी त्याचीही ताकद भरते, तीही तराई न करता, म्हणजे वरून पाणी न मारता. पुढे कोणी पाईप साफ करायला आलं तर त्याला फावडं नाही, छिन्नी लागेल.

आणि जाळीची पातळी? जाळी रस्त्यापेक्षा जरा खाली हवी म्हणतात, म्हणजे पाणी तिच्यात उतरतं. पण जुन्या रस्त्यावर नवा जाड थर आला की जाळी बिचारी एकतर काँक्रीटखाली गाडली जाते, नाहीतर मधेच टेकडीसारखी वर राहते. मग पाणी सभ्यपणे तिला वळसा घालतं आणि समोरच्या कंपाउंडमध्ये शिरतं. घर आता रस्त्याच्या खाली गेलंय, त्यात पाण्याचा काय दोष? घरमालकाला उंबऱ्यावर तीन विटांचा बांध घालायला सांगा. स्वस्तात होतं.

नाली शेवटी कुठे सोडायची, हे नकाशात बाणाने दाखवलेलं असतं. बाण नाल्याकडे असला की झालं. नाल्याचा तळ तुमच्या पाईपच्या तोंडापेक्षा वर आहे का, नाल्याला पूर आला तर पाणी उलटं आत येईल का, असल्या चौकशा करू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोरभवन बसस्थानकातल्या एसटी पाण्यात उभ्या राहिल्या. माणसंही गेली. त्यानंतर लोक विचारू लागले की पाणी जातं कुठे. हा विषय आपण इथेच सोडू.

फोटो मात्र भरपूर काढा. हल्ली फोटोवर तारीख, अक्षांश-रेखांश येतात, म्हणून तुमचा जुना अल्बम चालणार नाही. स्वतः जा, बुजवलेल्या मातीवर उभे राहा, मागे हेल्मेट घातलेले दोन मजूर घ्या, बोट जमिनीकडे दाखवा. जमिनीत काय आहे हे अक्षांश-रेखांशात येत नाही.

2019 मध्ये केंद्राने पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावर दोन भागांची पुस्तिका काढली आहे. कपाटात ठेवा, वजनदार दिसते. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. तिथल्या खड्ड्यात गिट्टी-रेतीचे थर आहेत की बांधकामाचा मलबा, ते बघायला झाकण उचलावं लागतं, आणि झाकण जड असतं.

जूनच्या तोंडावर नालेसफाईलाही तुम्हालाच बोलावतील. गाळ उपसून काठावर रचायचा, त्याचं माप घ्यायचं, बिल करायचं. उचलून न्यायची घाई नको. पहिल्या सरीत तो आपणहून परत आत जातो आणि पुढच्या वर्षीचं काम तयार.

चला, बराच वेळ झाला. तुमचा फोन वाजला का? एकदाच? मग बसा. तर्री पोहे अजून एक प्लेट सांगा.