शोधायची परवानगी आहे

जर्मनीत सध्या माणसं मिळत नाहीत असं सगळे सांगतात. मंत्री सांगतात, टीव्हीवाले सांगतात, बेकरीच्या काचेवर चिकटवलेला कागद सांगतो, आणि ट्रामच्या पाठीवर तर एका हसऱ्या ड्रायव्हरबाईचा हा एवढा मोठा फोटो आणि खाली "आम्ही तुलाच शोधतोय". मी त्या ट्रामच्या बरोब्बर मागे उभी, काखेत फाइल, आता याहून सोपं सापडायचं म्हणजे मी काय करायचं होतं सांगा. ट्राम निघून गेली.

बरं मी राहते कुठे तर न्यूरेंबर्गला. अख्ख्या देशाला नोकऱ्या लावून देणारी जी केंद्रीय संस्था आहे, बुंडेसआगेंटूर फ्युअर आर्बाइट, लाल रंगात मोठा A काढलेला तिचा बोर्ड गावोगावी असतो, तिचं हेड ऑफिस याच शहरात. दिव्याखाली अंधार तो हाच. त्यांचा यात काही दोष नाही, पण घरच्यांना हे कळल्यापासून दर फोनवर "अगं मग ऑफिसात जाऊन भेट की त्यांना" हे ऐकावं लागतं, जणू तिथे खिडकीत कोणीतरी नोकऱ्यांची टोपली घेऊन बसलंय.

मी आले ती शान्सेनकार्टवर. जून २०२४ पासून जर्मनीने हे कार्ड काढलंय. नोकरी हातात नसताना इथे यायचं आणि एक वर्षापर्यंत नोकरी शोधायची, म्हणजे सरकारने मला रीतसर शिक्का मारून बेकार राहायची परवानगी दिलीय. त्यासाठी डिग्री किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण तर लागतंच, वर गुण जुळावे लागतात. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा लागतात, इथे सहात काम भागतं. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. जर्मन बी वन पातळीचं, दोन. इंग्रजी सी वन, एक. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव, तीन. एकूण आठ! आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी गरजेपेक्षा जास्त गुणी निघाले, त्या आनंदात पुढचं कलम नीट वाचलंच नव्हतं असं नाही, वाचलं होतं, फक्त त्याचा पोटावर होणारा परिणाम वाचून कळत नाही. वर्षभराचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागतं, २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो. बहुतेक लोक हे पैसे श्पेरकोंटो नावाच्या खात्यात एकरकमी भरतात आणि मग ते खातं तुम्हाला दर महिन्याला हप्त्याहप्त्याने तुमचेच पैसे देतं. त्यामुळे मला जर्मनीत पहिल्या महिन्यापासून नियमित पगार सुरू झाला. एक तारखेला मेसेज यायचा, मी खूश व्हायचे, मग आठवायचं की मालकीण पण मीच आहे आणि कंपनी बुडत चाललीय.

घर, पत्ता नोंदवणं, दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र, अकरा आकडी टॅक्स नंबर, हे सगळं ज्याला भोगायचंय त्याने भोगावं, मी त्यावर शब्द खर्च करत नाही. फक्त टपालपेटीचं सांगते. इथे फ्लॅटला नंबर नसतात हो बहुतेक ठिकाणी. पत्र येतं ते पेटीवरच्या आडनावावर, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमनच्या लेखी तुम्ही जन्मालाच आलेला नाहीत. आणि हा देश अजून पत्रावर चालतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी पुठ्ठा कापून माझं आडनाव ठळक अक्षरात लावलं आणि तेवढ्यानेच मला निम्मी नोकरी लागल्यासारखं वाटलं.

मग बायोडेटा. इथे त्याला लेबन्सलाउफ म्हणतात आणि त्यात आयुष्याला कुठे भोक पडलेलं चालत नाही. महिना आणि वर्ष, महिना आणि वर्ष, सलग. माझ्या आयुष्यात एक सात महिन्यांची जागा रिकामी आहे, आजी आजारी होती म्हणून मी घरी होते, आणि त्या सात महिन्यांबद्दल मला इतक्या लोकांनी इतक्या सभ्यपणे विचारलंय की माझी मलाच शंका यायला लागली, होते ना मी घरी? फोटोचं तर वेगळंच. २००६ चा समान वागणुकीचा कायदा आला तेव्हापासून कंपनीने फोटो मागायचा नाही असा रिवाज आहे, वय, रूप, वंश यावरून निवड होऊ नये म्हणून. कोणी मागत नाही. पण लावायचा. फोटो न लावलेला अर्ज बघून ओळखीतल्या प्रत्येकाने "हो हो, सक्तीचा नाहीये" असं म्हणून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर मी गुपचूप स्टुडिओत गेले. फोटोग्राफर म्हणाला हसा. हसले. म्हणाला इतकं नको, इंजिनिअर आहात ना.

पण खरी गंमत पुढे आहे. वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, निवृत्त आहेत, सगळी हयात एका कारखान्याच्या एचआर खात्यात गेली. जिन्यात भेट व्हायची. मी नोकरी शोधतेय म्हटल्यावर ते म्हणाले, कागद घेऊन या, बघतो. मी कौतुकाने आधीच्या कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर दाखवलं, जर्मन भाषांतर करून, पैसे मोजून, शिक्क्यासकट. त्यात लिहिलं होतं की या बाई प्रामाणिक आहेत, वक्तशीर आहेत, सहकाऱ्यांत मिळून मिसळून असतात आणि दिलेलं काम करायचा त्यांनी नेहमी मनापासून प्रयत्न केला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अतिशय हळू आवाजात, डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसं, मला म्हणाले, "तुमचं तिथे कोणाशी भांडण झालं होतं का?"

तर त्याचं असं आहे. इथे नोकरी सोडताना मालकाने त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, द्यावंच लागतं, मागितलं की. आणि कोर्टांचं म्हणणं असं की ते खरं पण हवं आणि माणसाच्या पुढच्या वाटेत आडवं येणारं पण नको. आता एकाच वेळी खरं आणि गोड कसं लिहिणार? म्हणून यांनी वर्षानुवर्षांत एक बोली तयार केलीय. "आमच्या अत्यंत पूर्ण समाधानाप्रमाणे नेहमी काम केलं" म्हणजे पहिला नंबर. पूर्ण हा शब्द मुळात पूर्णच असतो, तो अत्यंत पूर्ण कसा होईल असं व्याकरणवाले ओरडतात, पण त्या "अत्यंत"शिवाय गाडी पुढे जात नाही. नुसतं "पूर्ण समाधान" आणि "नेहमी" म्हणजे दुसरा. "नेहमी" पण गळालं की तिसरा. नुसतं "समाधान" म्हणजे काठावर पास. आणि "प्रयत्न केला" म्हणजे काय, तर केला बिचारीने, जमलं काहीच नाही. वक्तशीर लिहिलं म्हणजे वेळेवर येण्यापलीकडे सांगण्यासारखं काही सापडलं नाही. आणि मिळून मिसळून? आजोबा जरा घुटमळले. "म्हणजे... दारू."

मी, जिला ऑफिसच्या पार्टीत लिंबू सरबत चढतं, ती मी, एका शिक्का मारलेल्या कागदानिशी आळशी, नापास आणि दारुडी म्हणून सगळ्या बव्हेरियाभर अर्ज पाठवत फिरत होते.

आणि यातला कळस ऐका. इथल्या कायद्यात, व्यवसाय कायद्याच्या कलम १०९ मध्ये, चक्क लिहिलंय की त्सॉयग्निस स्पष्ट आणि समजेल असं हवं आणि दिसणाऱ्या अर्थाहून वेगळा अर्थ सुचवणारी वाक्यं त्यात असता कामा नयेत. म्हणजे गुप्त बोली बेकायदा आहे. आणि ती गुप्त बोली वाचायची कशी याची पुस्तकं दुकानात उघड मिळतात.

मी त्याच रात्री जुन्या कंपनीच्या एचआरला फोन लावला. म्हटलं सर, जरा पत्रात "अत्यंत पूर्ण समाधान" असं घालता येईल का, आणि ते मिळून मिसळून तेवढं काढा. पलीकडे शांतता. मग, "मॅडम, चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल."
"हो सर, तोच प्रॉब्लेम आहे."
"मॅडम, सिस्टिममध्ये तीनच फॉरमॅट आहेत. हा सगळ्यात चांगला आहे. बाकीचे दोन बघायचेत का?"
नको म्हटलं.

त्या दिवसापासून मला एक रोग जडला. मला कुठल्याच सभ्य वाक्याचा भरवसा वाटेना. नकाराची पत्रं यायची, त्यांना आबझागे म्हणतात, आणि ती इतकी प्रेमळ असतात की तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाटतं आपल्याला घेतलंय. तुमच्या अर्जातून दिसलेल्या रसाबद्दल आभार, तुमचं प्रोफाइल वाचून आनंद झाला, निवड सोपी नव्हती, आणि मग तो एक शब्द, लायडर. दुर्दैवाने. पहिल्या काही पत्रांनंतर मी वरून वाचायचंच सोडलं, डोळा थेट लायडर शोधायला जायचा. कारण कोणी सांगत नाही, कारण सांगितलं आणि ते भेदभावाचं निघालं तर त्या समान वागणुकीच्या कायद्याने भरपाई द्यावी लागू शकते, म्हणून सगळे नुसत्या शुभेच्छा देतात. कामासाठीही देतात, खाजगी आयुष्यासाठीही. माझ्या खाजगी आयुष्यासाठी इतक्या कारखान्यांनी शुभेच्छा दिल्यात की ते आता उत्तमच चालायला हवं.

मग दादाचा फोन आला की नोकरीचं सोड, धंदा टाक. नोकरी न मिळणाऱ्याला धंदा सुचवणारा एक भाऊ प्रत्येकाला असतोच. तर शान्सेनकार्टवर आठवड्याला सरासरी वीस तास नोकरी करता येते, एखाद्या कंपनीत दोन आठवडे ट्रायल म्हणून काम करता येतं, पण स्वतःचा धंदा नाही. संपला विषय. तरी दादा म्हणाला पुढच्यासाठी माहिती काढून ठेव. काढली. इथे केस कापायचं दुकान टाकायचं तर साधारणपणे माइस्टर ही पदवी लागते, नाहीतर तशी पदवी असलेला माणूस ठेवायला लागतो. भट्टीवर पाव भाजायला, धुराडं साफ करायला पण तेच. असे व्यवसाय आधी ९४ होते, २००४ मध्ये सरकारने ढील देऊन ४१ वर आणले, मग बहुतेक करमेना म्हणून २०२० मध्ये बारा परत आत घेतले, त्यात फरशा बसवणारे पण आले. दादा म्हणाला मग कंपनी काढ. गेएमबेहा, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी, काढायची तर भांडवल २५,००० युरो. या कंपनीची एक धाकटी बहीण आहे, २००८ पासून, ती एका युरोतही निघते, पण नोटरी लागतोच.

ते नोटरी प्रकरण मी एका मित्राबरोबर जाऊन बघून आले, त्याच्याकडे पक्का परवाना आहे. कायदा असा की नोटरीने अख्खा दस्तऐवज पार्टीसमोर मोठ्याने वाचायचा. अख्खा. तो माणूस अशा वेगाने आणि अशा एका सुरात वाचत होता की मधे कुठे आरती आली असती तरी कळलं नसतं. आणि मित्राचं जर्मन कच्चं असल्यामुळे सगळं भाषांतर करूनही ऐकवायचं, म्हणून शेजारी दुभाषी बाई. म्हणजे प्रत्येक कलम दोनदा. कंपनी दिवाळखोरीत गेली तर काय, या कलमापर्यंत येईतो मित्र मनाने तिथे पोचला होता.

शेवटी एका लहानशा कारखान्याने ट्रायलला बोलावलं. स्विचबोर्ड बनवतात, माझंच काम. मालक फ्रांकन, म्हणजे आमच्या न्यूरेंबर्गच्याच भागातला अस्सल माणूस, दिवसभरात पाच-सहा शब्द, त्यातले दोन "मालत्साइट" आणि "फायराबेंड", म्हणजे जेवणाची वेळ झाली आणि सुट्टी झाली. मी दोन आठवडे जीव ओतून काम केलं. एका जुन्या पॅनेलचं ड्रॉइंग चुकीचं होतं, ते सगळं शोधून, टेस्ट करून, नवीन काढून दिलं. शेवटच्या दिवशी तो आला, ड्रॉइंग उलटसुलट बघितलं, पॅनेल उघडून बघितलं, बंद केलं, आणि म्हणाला, "बास्ट शो." आणि गेला.

चालतंय. ठीक आहे. असू दे. मी त्याचे जेवढे अर्थ काढता येतील तेवढे घरी येईपर्यंत काढले आणि जिन्यातच आजोबांना सांगितलं, की गेलं, हेही गेलं. पूर्ण समाधान नाही, नुसतं समाधान पण नाही, बास्ट शो म्हणाला.

आजोबांनी अक्षरशः माझा हात धरून हलवला. "बास्ट शो म्हणाला? स्वतः? अहो अभिनंदन! याच्या वर आमच्याकडे काही नसतं. माझ्या बायकोला मी लग्नात हेच म्हणालो होतो."

आणि खरंच चार दिवसांनी पेटीत जाड पाकीट, करारपत्र, सहा महिन्यांचा प्रोबेशन, परवाना बदलून घ्यायला लागणारे कागद वेगळे. लायडर कुठेच नव्हता, मी दोनदा शोधला. मी पाकीट घेऊन तशीच वर गेले आणि आजोबांना विचारलं, मग पुढेमागे हे माझ्या त्सॉयग्निसमध्ये पण लिहून घेते ना, बास्ट शो?

आजोबांचा चेहरा पडला. "लेखी? छे छे, लेखी अजिबात नको. लेखी आलं तर तुम्ही नापास."